बाळंतिणीचा आयसीयू हा आमचा प्रश्न नाही का?

जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतीलाभाचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे आणि त्याचा बोजा मुख्यतः सरकारने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. आम्ही हा प्रसंग भाषणात हमखास सांगतो, टाळ्याही मिळतात. पण आज आपल्याच वस्तीतल्या एखाद्या बाळंतिणीचा रक्तदाब चढून तिला झटके आले, तर तिच्यासाठीचा आयसीयू बेड किती किलोमीटरवर आहे? आमच्यापैकी किती कार्यकर्त्यांना हे सांगता येईल?

बाळंतपणात बाई मरते ती मुख्यतः रक्तस्राव, झटके आणि जंतुसंसर्ग यांनी. या तिन्हींवर उपचार आहेत. झटक्यांवरचे मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन तर अगदी स्वस्त. पण इंजेक्शन टोचून काम संपत नाही. श्वास, लघवी, गुडघ्याचा झटका पुन्हा पुन्हा तपासणारी नर्स रात्रभर खाटेजवळ लागते. पन्नास बाळंतिणींच्या वॉर्डात दोन नर्स असतील तर ते होणार कसे? म्हणून वॉर्ड आणि आयसीयू यांच्या मधली पायरी लागते, तिला एचडीयू म्हणतात. तिथे व्हेंटिलेटर नसला तरी चालतो, लक्ष ठेवणारे माणूस नसून चालत नाही. केंद्र सरकारने गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या एचडीयू-आयसीयूसाठी २०१६ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. मॉनिटर येतात, फीत कापली जाते, फोटो निघतो. नर्सची पदे मात्र रिकामी राहतात, नाहीतर कंत्राटी. फीत कापायला मंत्री येतो, पदभरतीला कोणी येत नाही.

आकडे पाहा. २०१८-२० मध्ये देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. राज्य पुढे आहे, हे खोटे नाही. पण या ३३ मध्ये बौद्ध, मातंग, पारधी, कातकरी बायका किती? नमुना नोंदणीचा अहवाल राज्यवार आकडा देतो, जातवार देत नाही. दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय उच्चवर्णीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात नोंदवले. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अंगात आधीच रक्त नसलेली, फडावर कोयता चालवणारी बाई थोड्या रक्तस्रावातही कोसळते. तिच्यासाठी सगळ्यात धोकादायक जागा म्हणजे रस्ता: आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा, तिथून मेडिकल कॉलेज. प्रत्येक ठिकाणी एक चिठ्ठी आणि ‘पुढे न्या’.

आणि पुढे खासगी दवाखाना लागला की अनामत. २०२५ मध्ये पुण्यात याच अनामतीवरून केवढा गदारोळ झाला! तातडीचा उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सरकारी रुग्णालयांना १९९६ मध्येच बजावले आहे. धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यावे लागते. हे पाठ असलेला एक तरुण रात्री दोन वाजता काउंटरवर उभा असेल तर बोलण्याचा सूर बदलतो.

आता थोडे आमच्याविषयी. १४ एप्रिलला आम्ही गावोगाव रक्तदान शिबिरे घेतो. प्रमाणपत्रे मिळतात, बॅनर लागतात. ते रक्त कुठे जाते? तालुक्याच्या रुग्णालयात रक्त साठवण्याचा फ्रीज चालू आहे का? डीजेच्या खर्चावर आम्ही दोन-दोन बैठका घेतो, हा प्रश्न मात्र एकाही बैठकीत निघालेला आम्ही ऐकलेला नाही. आम्ही त्यात आलोच.

म्हणून येत्या महिन्यात प्रत्येक तालुका शाखेने जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. शुल्क १० रुपये. एचडीयूच्या मंजूर खाटा किती, चालू किती? रात्रपाळीला नर्स किती? भूलतज्ज्ञाचे पद भरले आहे का? गेल्या वर्षी किती बाळंतिणी पुढे पाठवल्या, त्यातल्या किती वाटेत गेल्या आणि त्या कोणत्या प्रवर्गातल्या होत्या? उत्तर आले की आम्हाला कळवा, ‘माहिती उपलब्ध नाही’ असे आले तरी.