‘पाच मिनिटं बंद कर’ हे उत्तर नाही!

‘अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद कर, काम झालं की चालू कर.’

हे वाक्य तुम्हीही ऐकलंय ना? कॉलेजच्या लॅबमध्ये, हॉस्टेलवर, नाहीतर नेट सेंटरवर. मी तर मुकाट्याने बंदही केलाय. आणि ती पाच मिनिटं कधी संपतच नाहीत.

तलासरीतल्या एका नेट सेंटरवर मागच्या वर्षी हेच झालं. स्कॉलरशिपच्या फॉर्मचे दिवस होते. डहाणू काय, तलासरी काय, पाड्यांवरची कितीतरी मुलं महाडीबीटीचा फॉर्म भरायला अशाच सेंटरवर येतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक, सगळं एका पेन ड्राइव्हमध्ये. तिथल्या कॉम्प्युटरवर दोन राखणदार होते. एक नेहमीचा अँटिव्हायरस. दुसरा प्रोसेस प्रोटेक्शनचा प्रोग्रॅम, म्हणजे वेळ मोजणारं सॉफ्टवेअर कुणी गिऱ्हाईक गुपचूप बंद करू नये म्हणून बसवलेला. दोघांचं जमेना. मशीन सारखं हँग. वैतागून सेंटरवाल्या दादांनी अँटिव्हायरसच बंद केला. मग कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून शॉर्टकट व्हायरस आला आणि माझ्या मैत्रिणीच्या पेन ड्राइव्हमध्ये फायलींच्या जागी नुसते शॉर्टकट दिसायला लागले. फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी! फायली लपवल्या गेल्या होत्या, त्या परत मिळाल्या. पण तोवर शेवटची एसटी गेली होती.

मला दादांचा राग नाही आला. राग आला तो आपल्या सवयीचा. आपल्याला दोनच बटणं माहीत आहेत: ‘सगळं चालू’ आणि ‘सगळं बंद’. मधली ‘परवानगी’ नावाची गोष्ट आपण शिकतच नाही.

हे दोघं भांडतात तरी का? घोलवडच्या चिकूच्या वाडीत मालकाने दोन राखणदार ठेवले, पण एकमेकांची ओळखच करून दिली नाही, तर रात्री काय होईल? दोघं एकमेकांनाच चोर समजून धरतील! इथेही तेच. अँटिव्हायरसचं काम चालू प्रोग्रॅमच्या मेमरीत डोकावून बघणं. प्रोसेस प्रोटेक्शनचं काम कुणालाही डोकावू न देणं. दोघंही आपापलं काम चोख करतायत, म्हणून तर लोचा होतो.

उपाय म्हणजे ओळख करून देणं, आणि तीही दोन्हीकडून. प्रोसेस प्रोटेक्शनमध्ये अँटिव्हायरसला ‘वाचण्याची’ परवानगी द्या; ‘बदलण्याची’ किंवा ‘बंद करण्याची’ नको. आणि अँटिव्हायरसच्या अपवादांच्या यादीत फक्त त्या प्रोग्रॅमचं नाव टाका. विंडोजच्या डिफेंडरमध्ये ही यादी ‘विंडोज सिक्युरिटी’त, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंग्जमध्ये ‘एक्सक्लूजन्स’ नावाने सापडेल. तिथे एक बारकी गोष्ट आहे. ‘प्रोसेस’ म्हणून अपवाद टाकला, तर तो प्रोग्रॅम ज्या फायली उघडतो त्या तपासल्या जात नाहीत. खुद्द प्रोग्रॅम मात्र तपासला जातो. त्याची फाइल वगळायची तर ती वेगळी टाकावी लागते. आणि कृपा करून अख्खा सी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्सचा फोल्डर अपवादात टाकू नका. ते म्हणजे कुलूप लावून खिडकी उघडी ठेवणं.

‘एवढं कोण करत बसणार? मशीन जुनं, गर्दी केवढी!’ हे दादांचं म्हणणं खोटं नाही. पण मग दोनातला एक नीट अनइन्स्टॉल करा. अर्धवट बंद ठेवलेला राखणदार सगळ्यात वाईट, कारण तो आहे असं वाटून आपण निर्धास्त राहतो.

आणि हा फक्त तलासरीचा प्रश्न नाही. 21 एप्रिल 2010 ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक महत्त्वाची फाइल व्हायरस ठरवली आणि जगभर कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. राखणदाराला जितकं आत घ्याल, तितकी त्याची चूक महाग पडते. म्हणूनच परवानगी मोजून द्यायची असते.

मोबाइलवर कुठलंही ॲप आलं की न वाचता ‘अलाऊ’ दाबणारे आपणच ना? सवय तीच.

तेव्हा पुढच्या वेळी नेट सेंटरवर पेन ड्राइव्ह लावण्याआधी एवढंच विचारा, ‘दादा, अँटिव्हायरस चालू आहे ना?’ आणि ‘तो त्रास देतो म्हणून बंद केलाय’ असं उत्तर आलं, तर हसून सोडून देऊ नका. पाच मिनिटं मागा. या वेळी बंद करायला नाही, परवानगी नीट लावून द्यायला.