कान सर्वत्र, लक्ष कुठेच नाही

राज्ययंत्रणेने नागरिकांवर किती नजर ठेवावी, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोन तट पडतात. सुरक्षेसाठी सारे क्षम्य, असे एक म्हणतो. पाळत म्हणजेच हुकूमशाही, असे दुसरा. या वादाला तिसरी बाजू आहे, हे दाखवून देणारा एक चित्रपट अमेरिकेत १९७१ साली आला आणि पुढे जवळजवळ विस्मृतीत गेला. सिडनी ल्युमेट दिग्दर्शित ‘द अँडरसन टेप्स’ हा तो चित्रपट. ल्युमेट यांचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ जगभर नावाजला गेला. ‘एक रुका हुआ फैसला’ या हिंदी अवतारामुळे तो आपल्यालाही परिचित आहे. लॉरेन्स सँडर्स यांच्या कादंबरीवर बेतलेली ही दरोड्याची कथा मात्र उपेक्षितच राहिली.

दीर्घ कारावास भोगून सुटलेला ड्यूक अँडरसन (शॉन कॉनरी) न्यूयॉर्कमधील श्रीमंतांची एक अख्खी इमारत लुटण्याचा बेत आखतो. साथीदार जमवतो, माफियांकडून पैसा उभा करतो. या सिद्धतेचा बराचसा भाग कोणी ना कोणी ध्वनिमुद्रित करीत असतो. त्याच्या प्रेयसीच्या घरात खासगी गुप्तहेराने यंत्र दडविले आहे. करखाते माफियांच्या मागावर आहे. अमली पदार्थविरोधी विभाग आणि एफबीआय आपापले सावज न्याहाळीत आहेत. अँडरसन यांपैकी कोणाचेच सावज नाही. म्हणून त्याचा कट कानावर पडूनही कोणाच्या ध्यानी येत नाही. अखेरीस बेकायदा पाळत चव्हाट्यावर येऊ नये, यासाठी ध्वनिफिती पुसून टाकल्या जातात.

मग दरोडा उघडकीस येतो कसा? त्याच इमारतीतील एक अपंग मुलगा आपल्या बिनतारी संचावरून दूरदूरच्या हौशी संदेशवाहकांना हाक देतो आणि ते पोलिसांना कळवितात. कोणाचाही शब्द न चोरता, स्वतःच्या घरातून मदत मागणारा हा मुलगाच इमारतीचा खरा पहारेकरी ठरतो.

पुढील इतिहासाने या कथेवर शिक्कामोर्तब केले. जून १९७२ मध्ये वॉटरगेट इमारतीत शिरलेले हेर पकडले गेले, ते दाराच्या कडीवर लावलेली चिकटपट्टी एका रखवालदाराच्या दृष्टीस पडल्यामुळे. ऑगस्ट १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावे लागले, त्यात त्यांनी स्वतःच करविलेल्या ध्वनिमुद्रणाचा वाटा मोठा होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या आयोगाने २००४ साली नोंदविले की, माहितीचे धागे निरनिराळ्या यंत्रणांच्या हाती होते. ते एकत्र गुंफले गेले नाहीत.

हे शहाणपण आपल्याला परके नाही. कौटिल्याने गूढपुरुषांचे विस्तृत जाळे सांगितले. परंतु तिघांच्या वार्ता जुळल्या तरच त्यांवर विश्वास ठेवावा, असा दंडकही घातला. ऐकण्याइतकेच पडताळणे आणि जुळविणे हेही राजधर्माचे अंग आहे, असा याचा अर्थ. याउलट, सत्तेने आपले कान राष्ट्राच्या शत्रूंऐवजी स्वतःच्या विरोधकांकडे वळविले म्हणजे काय होते, हे आणीबाणीत आपण भोगले. ४ जुलै १९७५ रोजी संघावर बंदी आली, सहस्रावधी स्वयंसेवक कारागृहात गेले. त्यातून राष्ट्र सुरक्षित झाले नाही. केवळ एक खुर्ची काही काळ टिकली.

दहशतवादाशी झुंजणाऱ्या राष्ट्राला गुप्तवार्तांवाचून गत्यंतर नाही. परंतु त्या कायद्याच्या मर्यादेत मिळविलेल्या असाव्यात, एकत्र पडताळल्या जाव्यात आणि त्यांचे उत्तरदायित्व निश्चित असावे. न्यायालयात मांडता न येणारी ध्वनिफीत ऐनवेळी पुसावीच लागते. यंत्रे कितीही वाढली तरी शेजाऱ्याच्या दारावरील खूण ओळखणारा डोळस समाज हाच राष्ट्राचा पहिला प्रहरी होय. तो घडविण्याचे काम कोणत्याही खात्याकडे सोपविता येत नाही. ते आपल्यालाच करावयाचे आहे.