कारखाना हिरवा, पण पगार?

डेव्हन ॲव्हेन्यूच्या दुकानांत, भटारखान्यांत दिवसभर उभं राहून राबणाऱ्या मित्रांनो, सौर पॅनेलचे कारखाने निघणार आणि घर चालेल अशा पगाराच्या नोकऱ्या परत येणार, हे तुम्हीही ऐकलं असेल. २०२२ च्या कायद्याने अशा कारखान्यांना उत्पादनावर करसवलत दिली. पण त्या सवलतीला पगाराची अट घातली नाही.

आपल्याच शिकागोतलं उदाहरण घ्या. डिसेंबर २००८ मध्ये ‘रिपब्लिक विंडोज’ हा खिडक्यांचा कारखाना तीन दिवसांच्या नोटिशीवर बंद झाला. कायदा साठ दिवस सांगतो. बहुतांश स्थलांतरित असलेले कामगार युनियनच्या बळावर सहा दिवस कारखान्यात ठाण मांडून बसले आणि आठ आठवड्यांचा पगार मिळवला. पुढे ऊर्जा वाचवणाऱ्या खिडक्यांची कंपनी आली. ‘हिरव्या नोकऱ्या’ म्हणून कौतुक झालं. २०१२ मध्ये तिनेही टाळं लावायचं ठरवलं. शेवटी कामगारांनीच ‘न्यू एरा विंडोज’ ही सहकारी संस्था उभी केली.

म्हणून नोकरी घेताना विचारा: कायम की एजन्सीमार्फत? विमा कधीपासून? युनियन आहे का? उत्तर लेखी घ्या. आणि एकट्याने नको, चौघं मिळून विचारा. तो हक्क १९३५ च्या कायद्याने दिलाय.