संग्रहालयातील मोटार चालती असावी

संग्रहालयात ठेवलेल्या जुन्या आलिशान मोटारीभोवती दोरी असते आणि 'हात लावू नये' अशी पाटी असते. मूर्ती, ताम्रपट, नाणी यांच्याबाबत हा नियम सर्वथा योग्य आहे. नागपूरच्या अजब बंगल्यात १८६३ पासून जे जमवले गेले ते पाहण्यासाठीच आहे. परंतु यंत्राचे निम्मे अस्तित्व त्याच्या चालण्यात असते. म्हणून अशी मोटार अधूनमधून चालवली जावी, तिच्या निगेत सामान्य नागरिकांना सहभागी करून घ्यावे आणि त्या श्रमांच्या बदल्यात त्यांना तिच्यात बसूही द्यावे, असे आमचे मत आहे.

उभी मोटार सुरक्षित असते, हा भ्रम आहे. इंजिन महिनोन्महिने बंद राहिले की सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल निथळून जाते आणि पिस्टनच्या कड्या गंजाने जागीच धरतात. पेट्रोल उडून जाते व कार्बोरेटरमध्ये चिकट राळ उरते. टायर एकाच ठिकाणी दबून चपटे होतात. त्यात नागपूरचा उन्हाळा! पंचेचाळीस अंशांत रबर तडकते, आसनांचे चामडे कोरडे पडते. पत्र्याखाली लाकडी सांगाडा असेल तर त्याचे सांधे सैल होतात. लागलीच पावसाळा येतो आणि तेच लाकूड फुगते.

चालत्या मोटारीचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक, म्हणजे झेपेलिन हवाईजहाजांची इंजिने घडवणाऱ्या जर्मन कारखान्याची गाडी, दसऱ्याला बाहेर निघते आणि छत्रपती घराणे तिच्यातून सीमोल्लंघनासाठी दसरा चौकात येते. ती घराण्याची आहे, संग्रहालयाची नव्हे, हा भेद आम्ही विसरत नाही. पण ठरलेल्या दिवशी गाडी निघालीच पाहिजे, या बंधनामुळे वर्षभर कोणाला तरी तिच्याकडे लक्ष द्यावे लागते. संग्रहालयाच्या गाडीला असा दसरा नसतो.

यावर संग्रहपालांचा आक्षेप असा की, प्रत्येक फेरीत मूळ भाग थोडा झिजतो आणि झिजलेला मूळ भाग पुन्हा मिळत नाही. आक्षेप खरा आहे. जी गाडी एकमेव आहे, जिचा रंगही कारखान्यातलाच आहे, ती खुशाल उभी ठेवावी. मात्र झीज केवळ चाकांनी होत नाही; उत्साहाने घासलेल्या पितळेवरची अक्षरेही पुसट होतात. (आपल्याकडे चकाकी म्हणजेच निगा, असा समज फार पक्का आहे.) मदतनिसाला आधी शिकवायचे ते हेच: धूळ मऊ कुंच्याने झाडावी, पॉलिशचा डबा बंद ठेवावा.

आम्हाला खरी काळजी हातांची आहे. क्लच दोनदा दाबून गिअर बदलणारे, हँडल फिरवताना अंगठा बाहेर ठेवणारे, आवाजावरून कार्बोरेटर जुळवणारे मिस्त्री आता थकले आहेत. हे ज्ञान पुस्तकातून पुरते येत नाही; उस्तादाजवळ उभे राहूनच यावे लागते. मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय २००२ मध्ये सुरू झाले, तेव्हा नागपूर-नागभीड मार्गावर तशी गाडी धावत होती. २०१९ मध्ये तीही थांबली. एंजिने जपली जातात, पण ती हाताळणारा माणूस काचपेटीत ठेवता येत नाही.

कायदा आडवा येत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील वाहनांसाठी 'व्हीए' या अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. प्रदर्शन, संशोधन, फेरी, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी ती रस्त्यावर आणता येतात. व्यावसायिक वापर मात्र वर्ज्य. तेव्हा तिकीट लावून सैर घडवता येणार नाही, आणि ते बरेच आहे. मागच्या आसनावर बसायचे तर आधी दुपारभर गाडीखाली आडवे व्हावे!

पंचाईत आहे ती पेट्रोलची. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, जुन्या रबरी व बुचाच्या बैठका खराब करते. फेरी संपली की टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करूनच गाडी छपराखाली लावावी लागेल. मदतनिसांच्या कामांच्या यादीत ते पहिले असावे.