ऑक्टोबरचे गवत कापू नका
पावसाळा सरला की ठाणे खाडीच्या चिखलपट्ट्यांवर उत्तरेकडून आलेले तुतवार आणि चिखले उतरू लागतात. कल्याण-डोंबिवलीच्या कडेला उरलेल्या गवतात धोबी आणि गप्पीदास दिसू लागतात. याच सुमारास दुर्बिणी बाहेर निघतात आणि पक्ष्यांसाठी काहीतरी करावे अशी इच्छाही जागी होते. ती बहुधा रोपे लावून किंवा लाकडी घरटी टांगून भागवली जाते. त्यात वाईट काही नाही. पण या पट्ट्यात पक्ष्यांना खरी टंचाई आहे ती गवताळ, काटेरी, मोकळ्या जागेची आणि स्वयंसेवकांचे हात तिकडे वळायला हवेत.

सुगरण पक्ष्याचेच बघा. पावसाने गवत वाढल्याशिवाय नराला विणायला पाती मिळत नाहीत आणि पाण्यावर झुकलेली बाभूळ किंवा शिंदी नसेल तर खोपा टांगायचा कुठे? १९३० च्या सुमारास सलीम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्याचा अभ्यास केला. नर खोपा अर्धवट विणून मादीच्या पसंतीची वाट पाहतो आणि एक संसार मार्गी लागला की दुसरा खोपा विणायला घेतो, हे त्यांनी दाखवून दिले. अशा बिऱ्हाडाला लाकडी खोके देऊन उपयोग नाही; ते दयाळला किंवा चिमणीला चालेल. सुगरणीचे जुने खोपे पुढे मुनिया वापरतात. टिटवी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालते. शिवाय पावसाळ्यात ज्या गवताने पाती पुरवली, तेच ऑक्टोबरात बी धरते, किडे पोसते आणि त्यावर पाहुण्यांचा हिवाळा निघतो. नेमके तेव्हाच ते कापले जाते, जाळले जाते किंवा राडारोड्याखाली गाडले जाते.

खाडीला निदान कायद्याचे कवच आहे. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले, २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीविरुद्ध कडक निकाल दिला, २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. गवताला असा वाली नाही. सरकारी नकाशांत झुडपी माळ पडीक ठरतो आणि वृक्षारोपणाच्या उत्साहाला पहिली तीच जागा दिसते. जुलै २०१७ मध्ये अंबरनाथ तालुक्यातील मांगरूळला एका दिवसात लाखभर रोपे लावली गेली. डिसेंबरच्या आगीत त्यातली हजारो होरपळली. दोष आगीचा, हे मान्य. पण ती सगळी जगली असती, तरी माळावरच्या पक्ष्याला त्यातून काय मिळाले असते, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. खुद्द खाडीतही गाळ साचून तिवरे पुढे सरकत आहेत आणि चिखलपट्टे आकसत आहेत. तिथे आणखी तिवरे लावणे म्हणजे फ्लेमिंगोंपुढचे ताट ओढून घेणे.

लोकलला लोंबकळत जाणाऱ्यांच्या शहरात घरे आधी की गवत, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण तलावांचे काठ, नाल्यांच्या कडा, उद्यानांचे कोपरे, जुन्या विहिरींभोवतीची जागा इथे इमारत उभी राहणारच नसते. साप आणि डासांची भीतीही उगाच नाही. पायवाटेलगतचे गवत जरूर कापावे. डेंग्यूचा डास मात्र वाढतो तो टायर, पिंप आणि बांधकामावरच्या साचलेल्या पाण्यात. फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवताला आग लागण्याचा धोका त्याहून खरा आहे. म्हणून सगळे गवत उभे ठेवा असे म्हणणे नाही. आळीपाळीने, एका वेळी तिसरा हिस्सा कापावा, तोही खोपे रिकामे झाल्याची खात्री करून. ती खात्री करायला, राडारोडा उचलायला आणि बाभळीवर कुऱ्हाड पडण्याआधी उद्यान विभागाला गाठायला माणसे लागतात. या कामात फोटो काढण्यासारखे काही नसते, हीच त्याची मोठी अडचण आहे.