पोत्यात पिकणारा बटाटा

म्हैसूरहून मळवळ्ळीकडे जाताना वाटेत बन्नूर लागते. कावेरीच्या आसपासचा हा मुलूख भाताचा नि उसाचा. खवय्यांना बन्नूर ठाऊक असते ते तिथल्या बुटक्या, भरल्या अंगाच्या मेंढ्यांमुळे. बटाट्याचे नाव निघाले की कर्नाटकातला माणूस बोट दाखवतो ते हासनकडे. तरीही घराच्या मागच्या अंगणात किंवा गच्चीवर चार पोती बटाटा लावायचा झाला, तर बन्नूरसारखी सोयीची जागा शोधून सापडायची नाही. तांदळाची रिकामी पोती घरोघरी, उसाचे पाचट हाताशी आणि मेंढ्यांचे लेंडीखत दारात! आपल्याकडच्या गृहिणीला यातले निम्मे जरी मिळाले तरी काम भागते.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. पोत्यातल्या बटाट्याने घरखर्च वाचत नाही. एका पोत्यातून दीड-दोन किलो निघाले तर पीक चांगले आले म्हणायचे. पोत्यावर पोते, टायरवर टायर चढवून मणभर बटाटे काढण्याच्या गोष्टी ऐकायला छान वाटतात, पण बहुतेक जातींना बटाटे धरतात ते लावलेल्या बेण्याच्या जरा वरच्या थरात. त्यापुढे माती कितीही चढवली तरी पाणी आणि मेहनत तेवढी वाढते. मग हा खटाटोप कशासाठी? कोवळ्या सालीचा, नुकता मातीतून काढलेला बटाटा बाजारात क्वचितच मिळतो. शिवाय बटाटा हे मूळ नसून जमिनीखालचे खोड आहे, हे मुलांना पुस्तकापेक्षा पोते उपडे केल्यावर लवकर पटते.

बटाट्याचे सगळे गणित रात्रीच्या गारव्यावर चालते. रात्रीचे तापमान पंधरा ते वीस अंशांच्या दरम्यान असेल तर झाड बटाटे धरते. रात्री उबदार राहिल्या की पाला फोफावतो आणि खाली काहीच नसते. गच्चीवर मार्चमध्ये हौसेने बटाटे लावणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच. हासनच्या पठारावर पावसाळ्याच्या तोंडाला लावण होते. पुणे जिल्ह्यात आंबेगाव-खेडकडे खरिपात बटाटा घेतात. बन्नूरला, आणि महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत, घरगुती लावणीला ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ सगळ्यात निर्धोक. थंडीचे दोन महिने पदरात पडतात आणि पावसाळी करप्याची धास्तीही कमी राहते. हा करपा साधासुधा नव्हे. आयर्लंडमध्ये 1845 पासून जो भीषण दुष्काळ पडला, त्याच्या मुळाशी हाच रोग होता.

बेण्यासाठी शक्यतो खात्रीचा बियाण्याचा बटाटा घ्यावा. 'कुफरी ज्योती' ही जात दक्षिणेत पुष्कळ चालते. 'कुफरी लवकर' ही जात महाराष्ट्राच्या पठारासाठी शिफारस केलेली, आणि नाव ऐकूनच मराठी माणसाला ती आपली वाटावी! 'कुफरी सूर्या' उष्णता जरा जास्त सोसते. बाजारातला बटाटा लावून पाहायला हरकत नाही, पण शीतगृहात कोंब येऊ नयेत म्हणून त्यावर कधी कधी औषध मारलेले असते. मग तो मातीत तसाच बसून राहतो. बेणे आठ-पंधरा दिवस उजेडात, पण उन्हात नव्हे, पसरून ठेवले की जाड, आखूड कोंब फुटतात. मोठा बटाटा कापायचा तर प्रत्येक फोडीला दोन डोळे हवेत. कापलेल्या फोडींना चुलीची राख लावून त्या दोन दिवस सावलीत सुकू द्याव्यात. ओली फोड लावली की कुजलीच समजा.

पंचवीस किलो तांदळाचे विणलेले प्लास्टिकचे पोते घ्यावे. गोणपाटही चालते, मात्र ते एका हंगामातच कुजते. तळाला दहा-बारा भोके पाडावीत, कडा बाहेरून दुमडून पोते अर्ध्याहून आखूड करावे. खाली वीतभर पाचट किंवा वाळलेला पाला, त्यावर निम्मी माती व निम्मे चांगले कुजलेले लेंडीखत किंवा शेणखत. ताजे खत अजिबात नको. टोमॅटो, वांगी, मिरची ज्या कुंडीत होती तिची मातीही नको. ही सगळी एकाच कुळातली भावंडे. एकाची मर दुसऱ्याला लागते. पोत्यात दोन, फार तर तीन फोडी बसवून वर चार बोटे माती घालावी.

रोप वीतभर झाले की शेंड्याची पाने मोकळी ठेवून मातीची भर द्यावी आणि पोत्याची कड तेवढी उलगडावी. अशी भर दोन-तीनदा. सहा तास ऊन, आणि माती ओलसर राहील इतकेच पाणी. चार दिवस विसरून पाचव्या दिवशी बादली ओतली तर बटाटे तडकतात.

पोती आणि पिंपे काही नवी नाहीत. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे वापरून गच्चीवर भाजी पिकवली. त्यांच्याही आधी श्री. अ. दाभोलकरांनी 'प्रयोग परिवारा'तून पाल्यापाचोळ्याची माती करायला लोकांना शिकवले. गच्चीवर हलके भरण असावे ही त्यातली मोलाची गोष्ट. ओल्या मातीच्या वीस पोत्यांचे ओझे जुन्या स्लॅबला झेपेलच असे नाही.

आता सावधगिरीचे. मुळा, भोपळा, चाकवत, कशाचाही पाला आपल्या स्वयंपाकघरात वाया जात नाही, पण बटाट्याच्या पाल्याची भाजी कधीही करू नये. फुलांनंतर छोट्या हिरव्या टोमॅटोसारखी फळे धरतात, तीही विषारी. लहान मुले असलेल्या घरात ती दिसताच खुडून टाकावीत. माती सरकून ज्या बटाट्याला ऊन लागते तो हिरवा पडतो आणि त्यात सोलॅनिन वाढते. ते शिजवल्याने जात नाही. जरासा हिरवेपणा असेल तर जाड काप काढून टाकावा. बटाटा बराच हिरवा असेल किंवा कडू लागला, तर सरळ फेकून द्यावा.

साधारण ऐंशी ते शंभर दिवसांत पाला पिवळा पडून लोळतो. तेव्हा पाणी तोडावे, आठ-दहा दिवस थांबावे म्हणजे साल पक्की होते. मग जुन्या चादरीवर पोते उपडे करायचे. काढलेले बटाटे न धुता सावलीत सुकवून, अंधाऱ्या टोपलीत ठेवावेत. कांद्याच्या शेजारी मात्र नको.