कुरकुरणारी बिजागरी

संस्कृतात तेलाला आणि मायेला 'स्नेह' हा एकच शब्द आहे, आणि त्यात मोठा अर्थ आहे. दोन धातू एकमेकांवर घासू लागले की झीज होते, उष्णता वाढते, आवाज होतो. मध्ये तेलाचा पातळ पडदा आला की तेच काम निमूटपणे होते. घर्षणाचा हा पाठ आमचे विद्यार्थी परीक्षेत बिनचूक लिहितात. परंतु ज्या वर्गात बसून ते तो लिहितात, त्या वर्गाचे दार वर्षभर कुरकुरत असते! दार शाळेचे, तेव्हा ते शिपायाने पाहावे. विळी घरातली, ती आईने पाहावी. सायकल बिघडली तर दुकानदार आहेच. ही समजूत घातक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. वापरतो त्या वस्तूला वेळेवर तेलपाणी करणे हे प्रत्येक मुलाला आणि मुलीला आलेच पाहिजे.

आमच्या गोव्यात तर याची निकड अधिक. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. शिवाय समुद्राची खारी हवा. उघडे लोखंड येथे पाहता पाहता गंजते.

तेल घालणे सोपे आहे. कोणते तेल कोठे घालावे हे मात्र शिकावे लागते. आमच्याकडे खोबरेल नेहमी हाताशी असते, म्हणून ते सरसकट सगळीकडे ओतले जाते. विळीला, जिला आम्ही कोकणीत आदोळी म्हणतो, ते योग्यच आहे. जेथे अन्नाचा स्पर्श होतो तेथे खाण्याचेच तेल हवे. परंतु सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली खोबरेल गोठू लागते. पौषातल्या पहाटे बाटलीत जे होते, तेच बिजागरीत आणि शिवणयंत्रातही होते. त्यावर धूळ बसली की काळे किटण तयार होते आणि यंत्र पूर्वीपेक्षा जड चालते. शिवणयंत्राला त्याचे पातळ खनिज तेलच घालावे. दाराच्या बिजागरीलाही तेच चालते.

जवसाच्या तेलाचा स्वभाव याहून वेगळा. ते हवेतील प्राणवायू शोषून सुकते आणि त्याचे कठीण कवच बनते. म्हणून लाकडी खुर्चीला ते हितकारक, आणि बिजागरीला तितकेच घातक. ते सुकताना उष्णता निर्माण होते. त्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर तो आपोआप पेटू शकतो. अशा चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात. काजूच्या टरफलाचे तेल वाशांना आणि होड्यांना लावण्याची आमच्या किनाऱ्यावरची रीत जुनी आहे. पण ते बिब्यासारखे अंगावर उतते, तेव्हा मुलांनी त्याला हात लावू नये.

कुलपात तेल घातले की धूळ आत चिकटते. त्याऐवजी मऊ पेन्सिल किल्लीच्या दात्यांवर घासावी. पेन्सिलीत शिसे नसतेच. असते ते ग्रॅफाइट, आणि ते कोरडे वंगण आहे. कुकरच्या रबरी कड्याला किंवा गॅसच्या नळीला मशीनचे तेल कधीही लावू नये. त्याने रबर फुगते व खराब होते. बाजारात फवाऱ्याचे डबे मिळतात. त्यांतील प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० हे द्रव्य १९५३ साली अमेरिकेत तयार झाले. पाणी हटवण्याच्या मिश्रणाचा चाळिसावा प्रयोग यशस्वी झाला, म्हणून हे नाव. गंजलेला स्क्रू सैल करण्यास ते चांगले. पण जड दाराच्या बिजागरीत त्यानंतर दाट वंगण घालणे बरे.

आणि प्रत्येक तक्रारीवर तेल हे औषध नव्हे. आषाढात दार अडकते ते लाकूड ओल पिऊन फुगल्यामुळे. बिजागरीत बुधलाभर तेल ओतूनही ते हलणार नाही. दाराच्या कडेवर मेणबत्ती घासावी आणि ऊन पडेपर्यंत धीर धरावा. तेल घालण्यापूर्वी जुने किटण कोरड्या फडक्याने पुसावे, एकदोन थेंब सोडावेत, दार चारदा हलवावे आणि बाहेर आलेले तेल टिपून घ्यावे. सांडलेले तेल केवळ धूळ गोळा करते.

यावर कोणी म्हणेल, आता वस्तू स्वस्त झाल्या आहेत; बिघडली तर नवी घ्यावी. गंजून आरपार गेलेली बिजागरी बदललीच पाहिजे, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु आजोबांच्या हातची सागवानी दारे, आईचे शिवणयंत्र या वस्तू बाजारात पुन्हा तशा मिळत नाहीत. शिवाय नवी वस्तू घेण्याचा खर्च सर्वच घरांना परवडत नाही. ज्या घरात शिवणयंत्रावर चार पैसे मिळतात, तेथे ते बंद पडणे म्हणजे चुलीवरच संकट. आणखी एक. हात काळे होण्याची लाज वाटणारा विद्यार्थी पुढे ज्यांचे हात रोज काळे होतात त्यांनाही कमी लेखू लागतो. हा तोटा आम्हांला सर्वांत मोठा वाटतो.

खंडेनवमीला आपण हत्यारांना, अवजारांना हळदकुंकू वाहतो. त्या वेळी पाऊस नुकताच सरलेला असतो आणि लोखंडावर गंज चढलेला असतो. पूर्वजांनी दिवस नेमका निवडला आहे, असेच म्हणावेसे वाटते. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, एकदा मृगापूर्वी आणि एकदा खंडेनवमीला, फुले वाहण्याआधी, घरातली विळी, कात्री, सायकल आणि दारे पुसून त्यांना तेल द्या. हे काम बहीणभावांनी वाटून घ्यावे. सायकल भावाची आणि विळी बहिणीची अशी वाटणी मात्र करू नये. वर्गाच्या दाराचे काय करायचे, हे आता आम्ही वेगळे सांगत नाही.